उन्हाळी पायी भटकंतीसाठी महिलांची हलकी डाऊन स्लीपिंग बॅग: कोणती घ्यावी?

केळीबागेतली (रावेर) | १२ जानेवारी, रात्री ९.१०

नमस्कार. आम्ही चौघी मैत्रिणी गेली तीन वर्षे पाठीवर सॅक घेऊन सातपुड्यात आणि बागलाणात पायी हिंडतो. कडाक्याच्या थंडीत आम्ही जात नाही. फेब्रुवारी ते एप्रिलचा पहिला आठवडा आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर, अशा दिवसांत दोन किंवा तीन मुक्कामांच्या वाटा निवडतो. मुक्काम बहुधा शाळेच्या ओसरीवर, देवळात किंवा घरधन्याला विचारून त्याच्या अंगणात असतो. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय आम्ही राहत नाही.

माझ्याकडे भावाची सिंथेटिक स्लीपिंग बॅग आहे. तिचे वजन १ किलो ७०० ग्रॅम असून सॅकची निम्मी जागा तिच्यातच जाते. मागच्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला तोरणमाळला ओसरीवर झोपलो होतो. बॅगेवर ५ अंश छापलेले आहे आणि पहाटे मैत्रिणीच्या थर्मामीटरवर ९ अंश होते. तरीही तीन वाजल्यापासून माझे पाय गार पडले आणि नंतर झोप लागली नाही. याच बॅगेत एप्रिलमध्ये मुल्हेरला मी घामाने भिजले. माझी उंची ५ फूट १ इंच आणि वजन ५४ किलो आहे. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी ओझे कमी करायला सांगितले आहे, म्हणून ७०० ग्रॅमच्या आतली, महिलांच्या मापाची डाऊन बॅग, म्हणजे आत हंस-बदकांचे मऊ रेशे भरलेली बॅग, घ्यावी असा विचार आहे. अंदाज १५ ते १८ हजारांचा आहे. एवढा खर्च मला एकदाच करता येईल, त्यामुळे आधी नीट समजून घ्यायचे आहे.

आईला मोबाइलवर चित्र दाखवले तेव्हा ती म्हणाली, "इतलीशी गोधडीमा काय ऊब ऱ्हाई?" माझाही प्रश्न तोच आहे.


सातपुडावाट (शहादा) | १२ जानेवारी, रात्री १०.४५

ताई, बॅगेआधी तुमच्या रात्री किती थंड असतात ते पाहू. रावेर-जळगावचा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटरवर आहे आणि तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर. दर हजार मीटर चढल्यावर हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे तुमच्या गावी पहाटे १४ अंश असतील तर तोरणमाळला ८ अंश धरून चालावे. त्यात आपल्याकडची हवा कोरडी आहे. आभाळ निरभ्र असले की दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. फेब्रुवारीत दुपारी ३२ अंशांत घाम पुसणारा माणूस पहाटे कुडकुडतो तो यामुळेच.

एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. थंड हवा जड असते, ती उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या काठी किंवा ओढ्याच्या पात्राशेजारी झोपलात तर शंभर पावले वर असलेल्या टेपावरच्यापेक्षा थंडी जास्त लागते आणि दवही जास्त पडते. डिसेंबर-जानेवारीच्या लाटेत अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब भागात दव गोठल्याच्या बातम्या येतात, त्याही अशाच जागांच्या असतात. तुम्ही त्या दिवसांत जात नाही हे बरे. तुमच्या वेळापत्रकातली सगळ्यांत थंड रात्र ७ ते ८ अंशांची धरा आणि सगळ्यांत उबदार रात्र २२ ते २४ अंशांची. दोन्ही रात्री एकाच बॅगेत काढायच्या आहेत, हे लक्षात ठेवून निवड करावी लागेल.


रात्रवस्ती (धुळे) | १३ जानेवारी, सकाळी ७.३०

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून त्या छापलेल्या ५ अंशांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. केळीबागेतली ताईंच्या पायांना थंडी का वाजली, याचे बरेचसे उत्तर त्या एका आकड्यात आहे.

युरोपात २००२ मध्ये ईएन १३५३७ नावाचे मानक आले आणि पुढे आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याची जागा घेतली. या चाचणीत माणसाच्या आकाराचा, आतून तापवलेला आणि जागोजागी तापमापक बसवलेला पुतळा लांब बाह्यांचे आतले कपडे घालून मॅटवर ठेवलेल्या बॅगेत झोपवतात आणि थंड खोलीत त्याची उष्णता किती वेगाने निघून जाते ते मोजतात. त्यावरून जे आकडे काढतात, त्यांतले आपल्या कामाचे दोन आहेत. पहिला 'कम्फर्ट', ज्याला आपण सुखाचे तापमान म्हणू. एक प्रमाण स्त्री, म्हणजे वय २५, उंची १ मीटर ६० सेंटीमीटर आणि वजन ६० किलो, अंग सैल सोडून आरामात ज्या तापमानापर्यंत झोपू शकते, ते हे तापमान. दुसरा 'लोअर लिमिट', म्हणजे खालची मर्यादा. एक प्रमाण पुरुष अंग आखडून, मुटकुळे करून ज्या तापमानापर्यंत कशीबशी रात्र काढतो, ती ही मर्यादा. दोन आकड्यांत साधारण ४ ते ६ अंशांचे अंतर असते. याखेरीज 'एक्स्ट्रीम' नावाचा एक आकडा असतो. तो जीव वाचण्यापुरताच आहे, त्याच्याकडे पाहून कोणी बॅग घेऊ नये.

पुरुषांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅगांवर मोठ्या अक्षरांत बहुतेक वेळा खालची मर्यादा छापतात, तर महिलांच्या बॅगांवर सुखाचे तापमान. ताईंच्या भावाच्या बॅगेवरचे ५ अंश ही खालची मर्यादाच असणार, म्हणजे एका स्त्रीच्या दृष्टीने ती ९ किंवा १० अंशांची बॅग झाली. शिवाय ताईंचे वजन त्या प्रमाण स्त्रीपेक्षाही ६ किलोंनी कमी आहे. तेव्हा ९ अंशांत पाय गार पडले यात ताईंचे काहीच चुकले नाही. मी हे मुद्दाम लिहिते, कारण अशा वेळी "तुला थंडी फार वाजते" असे म्हणून बायकांना गप्प बसवले जाते.

म्हणून दुकानात किंवा संकेतस्थळावर पाहाल तेव्हा बॅगेच्या नावातला आकडा सोडून द्या आणि सुखाचे तापमान वेगळे लिहिले आहे का ते शोधा. तो आकडा कुठेच सापडत नसेल तर ती बॅग घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. सातपुडावाट यांनी ७-८ अंशांची रात्र सांगितली आहे. त्याखाली दोन अंशांची मोकळीक ठेवून ५ किंवा ६ अंश सुखाचे तापमान असलेली बॅग ताईंना पुरेल. त्याहून उबदार बॅग घेतली तर एप्रिलमध्ये ती निरुपयोगी ठरेल.


शिवणटाका (चाळीसगाव) | १३ जानेवारी, दुपारी ३.१५

मी गोधड्या शिवते आणि मुलीच्या ट्रेकिंगमुळे दोन-तीन डाऊन बॅगा दुरुस्त केल्या आहेत, म्हणून काकूंच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. काकू, गोधडीतली ऊब कापडाची नसते, कापडांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. पिंजाऱ्याकडून कापूस ताजा पिंजून आणलेली गादी पहिल्या वर्षी किती उबदार लागते आणि कापूस बसला की तीच कशी गार लागू लागते, हे आपण कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या बायकांना कोणी शिकवायला नको. कापूस तेवढाच असतो, त्यातली हवा गेलेली असते.

डाऊन म्हणजे हंसाच्या किंवा बदकाच्या छातीवर, वरच्या पिसांच्या खाली असणारे मऊ रेशे. त्याला पिसासारखा कडक दांडा नसतो, सगळ्या बाजूंनी तंतू फुटलेले असतात, त्यामुळे ते थोड्या वजनात पुष्कळ हवा धरून ठेवते. किती हवा धरते त्याचे माप म्हणजे फिल पॉवर. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन ठरलेल्या दाबाखाली किती घन इंच जागा व्यापते, तो हा आकडा असतो. ८०० फिल पॉवरचे २८ ग्रॅम डाऊन जवळपास १३ लिटर जागा भरते. मूठभर रेशांत एक कळशी भरेल एवढी हवा मावते म्हणा ना.

मात्र नुसत्या फिल पॉवरवर जाऊ नका, आत किती ग्रॅम भरले आहे तेही बघा. ८०० चे ३०० ग्रॅम आणि ६०० चे ४०० ग्रॅम यांचा फुगवटा सारखाच होतो, म्हणजे ऊब जवळपास सारखी. फरक १०० ग्रॅम वजनाचा आणि अर्थातच किमतीचा. गुडघ्यांसाठी वजन कमी करायचे असेल तर ते १०० ग्रॅम विकत घेण्यासारखे आहेत, नाहीतर ६५०-७०० च्या फिल पॉवरमध्येही उत्तम बॅग मिळते. युरोपात आणि अमेरिकेत हे माप घेण्याची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे दोन ठिकाणच्या बॅगांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.

आता शिवण. काही बॅगांत वरचे आणि आतले कापड एकमेकांना थेट टाचलेले असते, अगदी आपल्या गोधडीसारखे. टाक्याच्या रेषेवर डाऊन राहत नाही आणि तिथून थंडी शिरते. दुसऱ्या प्रकारात दोन कापडांच्या मध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या शिवून छोटे कप्पे केलेले असतात, त्यामुळे गार रेषा राहत नाही, पण वजन आणि किंमत वाढते. १० अंशांच्या वरच्या रात्रींसाठी पहिली शिवण पुरते. ताईंना ५-६ अंशांची बॅग हवी आहे, तेव्हा निदान छातीवर आणि पायांशी कप्पे असलेली बघावी. खरेदीच्या वेळी बॅग उजेडासमोर धरून पाहा. डाऊन एका बाजूला सरकून कप्पा रिकामा दिसत असेल तर ती परत करा.


केळीबागेतली (रावेर) | १३ जानेवारी, रात्री ८.५०

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मनापासून आभार. शिवणटाका ताईंचा मजकूर आईला वाचून दाखवला. कापूस पिंजण्याचे उदाहरण तिला लगेच पटले. आता दोन शंका उरल्या आहेत. महिलांची बॅग म्हणजे नेमके वेगळे काय असते, की रंग बदलून दर वाढवलेला असतो? आणि वजन वाचवण्यासाठी काही बॅगांना अर्धीच चेन असते, तशी चालेल का?


गिरणाथडी (भडगाव) | १३ जानेवारी, रात्री १०.०५

रंग बदलून विकणारेही आहेत, पण चांगल्या बॅगेत फरक खराच असतो. खांद्यांना ती अरुंद आणि कमरेला रुंद असते, लांबी बहुधा १६८ सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या व्यक्तीला पुरेल एवढी ठेवतात आणि पायांच्या टोकाशी डाऊन जास्त भरतात. तुम्ही ५ फूट १ इंच, भाऊ बहुधा पावणेसहा फुटांचे. त्यांच्या बॅगेत तुमच्या पायांखाली हातभर पोकळी राहते आणि ती हवा रात्रभर तुमच्या पायांनाच तापवावी लागते. पुन्हा कधी तीच बॅग वापरायची वेळ आली तर उरलेला भाग दुमडून पायांखाली घ्या किंवा त्यात कोरडे कपडे कोंबा. कमरेच्या रुंदीचे महत्त्व कुशीवर झोपणाऱ्या बाईला लगेच कळते. बॅग नितंबांवर ताणली गेली की तिथले डाऊन दबते आणि नेमकी तिथेच थंडी वाजते.

चेनीबद्दल मात्र मी आग्रहाने सांगते की अर्धी चेन घेऊ नका. थंड प्रदेशातल्या लोकांना ती चालते. आपला खरा प्रश्न उकाड्याचा आहे. पूर्ण लांबीची, दोन्ही टोकांनी उघडणारी चेन असेल तर पायांकडून वीतभर उघडून पाय बाहेर काढता येतात, आणि मार्च संपता संपता बॅग सगळी उघडून पांघरुणासारखी वापरता येते. त्यासाठी ४०-५० ग्रॅम जास्त पडले तर पडू देत. शिवाय रात्री उठून बाहेर जावे लागते, पाळीच्या दिवसांत तर दोनदा-तीनदाही. अंधारात चेन आतून, एका हाताने, कापडात न अडकता उघडली पाहिजे. दुकानात बॅगेत शिरून, डोळे मिटून हे करून पाहावे. ओसरीवर चार जणी शेजारी झोपलेल्या असताना कपडेही बॅगेतच बदलावे लागतात, तेव्हा कमरेची ती रुंदी पुन्हा कामाला येते.

आणि खाली काय अंथरता? याबद्दल अजून कोणी लिहिले नाही. थंडीत बाजेवर झोपताना आपण अंगावर एक गोधडी घेतो आणि अंगाखाली दुसरी घालतो, कारण बाजेच्या खालून गारवा येतो. स्लीपिंग बॅगेचेही तसेच आहे. अंगाखाली आलेले डाऊन वजनाने चपटे होते, त्यात हवा राहत नाही, म्हणून खालच्या बाजूची ऊब सगळी मॅटची. शाळेच्या ओसरीची फरशी किंवा शहाबादी लादी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. मॅटची रोधकता 'आर व्हॅल्यू' या आकड्याने सांगतात. फोमच्या घडीच्या मॅटची ती २ च्या आसपास असते आणि तुमच्या ऋतूंना तेवढी पुरते. पातळ योगा मॅट घेऊन २० हजारांच्या बॅगेत कुडकुडणारी माणसे मी पाहिली आहेत.


साधीपायवाट (जळगाव) | १४ जानेवारी, सकाळी ११.२०

मी जैन आहे आणि पक्ष्यांच्या पिसांची वस्तू वापरत नाही. कोणाच्या निवडीवर आक्षेप घ्यावा म्हणून लिहीत नाही, पण आमच्यासारख्या घरांतल्या मुली हा धागा वाचतील, त्यांना पर्याय माहीत असावा. डाऊन प्रामुख्याने मांसासाठी पाळलेल्या बदकांचे आणि हंसांचे असते; काही ठिकाणी जिवंत पक्ष्याची पिसे उपटण्याचेही प्रकार झाले आहेत. ते टाळण्यासाठी २०१४ मध्ये रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड हे प्रमाणपत्र सुरू झाले. जिवंत पक्ष्याची पिसे उपटणे आणि त्याला जबरदस्तीने खाऊ घालणे या दोन्हींना त्यात मनाई आहे. ज्यांना डाऊन घ्यायचे आहे त्यांनी निदान ही खूण पाहून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझी स्वतःची बॅग सिंथेटिक आहे, १० अंश सुखाचे तापमान असलेली, वजन ९०० ग्रॅम. डाऊनपेक्षा ती जड आहे आणि सॅकमध्ये जास्त जागा घेते, पण ओली झाली तरी काही ऊब धरून ठेवते.


रात्रवस्ती (धुळे) | १४ जानेवारी, दुपारी १.००

साधीपायवाट यांनी शेवटी लिहिलेला मुद्दा महत्त्वाचा आहे. डाऊन भिजले की त्याचे तंतू एकमेकांना चिकटतात, हवा निघून जाते आणि ऊब जवळपास संपते. काही बॅगांत पाणी सहजासहजी न शोषणारे, प्रक्रिया केलेले डाऊन असते, त्याने दव आणि घाम यांपुरते संरक्षण मिळते, पावसापासून मिळत नाही. जून ते सप्टेंबर सातपुड्यात किंवा सह्याद्रीत जाणाऱ्यांनी सिंथेटिकच न्यावी. ताईंचे महिने कोरडे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी डाऊन योग्य ठरते.


सातपुडावाट (शहादा) | १४ जानेवारी, रात्री ९.३५

एक वेगळे मत मांडतो. रात्री २० अंशांच्या वर असतील तर स्लीपिंग बॅगच कशाला? अंगाखालचे डाऊन दबून वाया जाते असे गिरणाथडी ताईंनीच सांगितले. मग तो भाग काढूनच टाकावा, अशी डाऊनची क्विल्ट मिळते. तिला पाठ नसते, पायांशी फक्त खिसा असतो. त्याच उबेसाठी तिचे वजन बॅगेपेक्षा शंभर-दीडशे ग्रॅम कमी भरते. उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर, झोपताना आपण तेच करतो, पायथ्याशी चादर ठेवतो आणि पहाटे गारवा सुटला की ओढून घेतो.


गिरणाथडी (भडगाव) | १४ जानेवारी, रात्री १०.२०

भाऊ, एप्रिलसाठी तुमचे म्हणणे मान्य. पण ताई ओसरीवर झोपतात, तंबूत नाही. कुशीवर वळले की क्विल्टची कड उचलली जाते आणि पहाटेचा वारा थेट पाठीला लागतो. क्विल्ट मॅटला बांधायला पट्टे असतात, ते वापरायला सवय लागते. ८ अंशांच्या रात्री ही सवय शिकण्याची वेळ ताईंवर येऊ नये असे मला वाटते.


सातपुडावाट (शहादा) | १४ जानेवारी, रात्री १०.४०

ओसरीचा विचार मी केला नव्हता. मी कायम तंबूत झोपतो. ताईंसाठी पूर्ण चेनीची बॅगच ठीक.


पांझराकाठ (साक्री) | १६ जानेवारी, सायंकाळी ६.३०

खरेदीत माझी फसवणूक झाली ती सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. पत्नीसाठी ऑनलाइन २ हजार ४०० रुपयांना 'डाऊन' म्हणून एक बॅग मागवली. वजन १ किलो ३०० ग्रॅम निघाले. शिवण थोडी उसवून पाहिली तर आत नुसता पॉलिस्टरचा कापूस होता. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. 'डाऊनसारखी ऊब' अशा शब्दांना भुलू नये. खऱ्या बॅगेवर आत काय भरले आहे त्याचे प्रमाण असते, उदाहरणार्थ ९० टक्के डाऊन आणि १० टक्के पिसे, सोबत फिल पॉवर आणि भरलेले वजन ग्रॅममध्ये. तिन्हींपैकी एकही गोष्ट लिहिलेली नसेल तर त्या किमतीला डाऊन मिळणे शक्य नाही असे समजावे. हातात बॅग आली की बोटांच्या चिमटीत धरून चोळा. बारीक काड्या टोचल्या तर पिसांचे प्रमाण जास्त आहे. आणि पिशवीतून काढून तासभर पसरून ठेवा. चांगले डाऊन आपोआप फुगून येते.


शिवणटाका (चाळीसगाव) | १७ जानेवारी, दुपारी २.४०

घेतल्यानंतर जपायचे कसे तेही लिहून ठेवते. खानदेशातली धूळ आणि आपल्या केसांचे तेल हे डाऊनचे दोन शत्रू आहेत. तेल कापडातून आत उतरते, तंतू चिकटतात आणि डोक्याकडचा फुगवटा आधी जातो. केसांना तेल लावून झोपायची सवय असेल तर मुक्कामाच्या दिवसांत डोक्याला सुती रुमाल बांधा. आतून एक अस्तर वापरा, त्याला लायनर म्हणतात. रेशमी लायनर १३०-१५० ग्रॅमचा असतो. मी मुलीला जुन्या मऊ सुती साडीचा शिवून दिला, तो २१० ग्रॅमचा झाला. उकाड्याच्या रात्री ती नुसत्या लायनरमध्ये झोपते आणि बॅग उशाला घेते.

दोन मुक्काम झाले की बॅग धुवायची, असे करू नका. वर्षातून एकदा पुरे. डाऊनसाठी वेगळा सौम्य साबण मिळतो. मोठ्या टबात कोमट पाण्यात हलक्या हाताने दाबा, पिळू नका. उचलताना खालून दोन्ही हातांनी आधार द्या, नाहीतर पाण्याच्या वजनाने आतल्या जाळ्या फाटतात. सावलीत, बाजेवर पसरून वाळत घाला आणि तासातासाने गोळे बोटांनी सोडवा. मे महिन्यातही दोन दिवस लागतात. घरी ठेवताना ती लहान पिशवीत दाबून ठेवू नका. उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल भरून कपाटात ठेवा, नाहीतर वर्षभरात डाऊन कायमचे बसते.


केळीबागेतली (रावेर) | २४ फेब्रुवारी, रात्री ८.३०

महिनाभराने लिहिते आहे, कारण वापरल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. नाशिकला जाऊन तीन बॅगांमध्ये शिरून पाहिले. एकीची चेन दर वेळी कापडात अडकत होती, दुसरी खांद्यांना सैल होती. तिसरी घेतली. महिलांच्या मापाची, ७५० फिल पॉवरचे २९० ग्रॅम डाऊन, पूर्ण लांबीची दोन्हीकडून उघडणारी चेन, सुखाचे तापमान ६ अंश, एकूण वजन ६६० ग्रॅम. रिस्पॉन्सिबल डाऊनची खूण आहे. १७ हजार ४०० रुपये पडले. फोमची मॅट आधीची होती, तीच ठेवली.

पहिली रात्र घराच्या गच्चीवर काढली. १५ अंश होते. मध्यरात्रीपर्यंत पायांकडची चेन उघडी होती, पहाटे ती लावली. दुसऱ्या आठवड्यात तोरणमाळला दोन मुक्काम केले. पहिल्या रात्री त्याच ओसरीवर ९ अंश होते. मी मोजे घालून, लायनरशिवाय झोपले आणि साडेपाचला कोंबड्याने जागे केले तेव्हा पाय गरम होते. दुसऱ्या रात्री मुद्दाम तलावाजवळच्या खालच्या अंगणात झोपलो. तिथे पहाटे ७ अंश झाले आणि बॅगेवर दव होते. वरचे कापड ओलसर झाले, आत काही झाले नाही. मात्र छातीशी किंचित गार लागले, तेव्हा हुडची दोरी ओढून घेतली आणि ते थांबले. सकाळी बॅग उन्हात तासभर पसरली, मग भरली.

एक अडचण राहिली. बॅगेचे कापड गुळगुळीत आहे, त्यामुळे झोपेत मी मॅटवरून दोनदा खाली घसरले आणि दोन्ही वेळा कमरेला लागलेल्या गार फरशीने जाग आली. यावर काही उपाय असल्यास सांगावा.

आईने बॅग हातात घेतली, दाबली, सोडली, फुगताना पाहिली. मग आपल्या खोलीत नेऊन दुपारभर पायांवर घेऊन बसली होती.


शिवणटाका (चाळीसगाव) | २४ फेब्रुवारी, रात्री ९.१५

घसरण्यावर उपाय सोपा आहे. बाजारात शिवणीवर पाणी येऊ नये म्हणून लावायचा सिलिकॉनचा लेप नळीत मिळतो. मॅटच्या वरच्या बाजूला त्याचे चिंचोक्याएवढे ठिपके वीतवीत अंतरावर द्या आणि एक दिवस वाळू द्या. बॅगेला काही लावू नका.


केळीबागेतली (रावेर) | २५ फेब्रुवारी, सकाळी ७.००

आजच करते. अजून एक विचारायचे आहे. आमच्यातली एक मैत्रीण ५ फूट ८ इंच उंच आहे. माझी बॅग पाहून तिलाही घ्यायची आहे, पण तिच्या खांद्यांपर्यंतच येते. मार्चअखेर साल्हेरच्या गुहेत मुक्कामाचा बेत आहे. तिने काय घ्यावे?


रात्रवस्ती (धुळे) | २५ फेब्रुवारी, सायंकाळी ५.४५

५ फूट ८ इंच म्हणजे १७३ सेंटीमीटर. महिलांच्या काही बॅगा लांब मापातही येतात, ती मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर त्यांनी पुरुषांच्या नेहमीच्या लांबीची बॅग निःसंकोच घ्यावी, फक्त कमरेला पुरेशी रुंद आहे का ते आत शिरून, कुशीवर वळून पाहावे. आकडा मात्र सुखाच्या तापमानाचाच वाचावा. पुरुषांच्या बॅगेवर मोठ्या अक्षरांत १ अंश असेल तर खाली बारीक अक्षरांत ५ किंवा ६ अंश सापडतील, आणि तीच त्यांच्या कामाची बॅग आहे. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे. मार्चअखेरही गुहेच्या तोंडाशी पहाटे वारा असतो, तेव्हा तुम्ही दोघी आतल्या बाजूला झोपा.